आवाजाचे रूपांतर : सॉफ्टवेअर निवडण्याआधी काय पाहावे?

खानदेश ओलांडून आलेली तापी सुरतेपाशी समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यातून गेलेल्या सुरत-जळगाव लोहमार्गाने धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे यंत्रमाग व कापडधंद्यात रोजगार शोधत या शहरात येऊन स्थिरावली. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत आजही मराठी आणि अहिराणी रस्त्यावर ऐकू येते. महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. गावाकडून शहरात आलेल्या अशा संसारांत कॅसेट हा एकेकाळी मोठा ठेवा होता. भजनी मंडळाची रात्र, कीर्तनकाराचे निरूपण, हळदीच्या वेळी बायकांनी म्हटलेली गाणी, आजोबांनी सांगितलेली गोष्ट असे कितीतरी आवाज त्या फितींवर उतरले. त्यांपैकी बहुतेकांची दुसरी प्रत कुठेही नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा फार मोठा भाग बुडाला. पुराच्या पाण्याने दस्तऐवज, छायाचित्रे, फिती असा भेद केला नाही. ज्याची एकच प्रत होती ते गेले. पूर न येताही दमट हवेत फितीवर बुरशी चढते, तिचा चुंबकीय लेप सुटतो, टेपरेकॉर्डरचे रबरी पट्टे सैल पडतात आणि ते दुरुस्त करणारे कारागीर दिसेनासे होतात. किनाऱ्यावरच्या गोव्यालाही हे नवे नाही. येथील घरांतही नाट्यसंगीताच्या बैठका, भजने, तियात्रे आणि आखातातून वा बोटीवरून आलेली बोलती पत्रे कॅसेटवरच होती. म्हणून या फितींवरचा आवाज संगणकावर घ्यावा, जुन्या मोबाईलमधील ध्वनिफाईल नव्या यंत्रावर वाजतील अशा कराव्यात, असे आता अनेकांना वाटू लागले आहे. त्यासाठी पहिला प्रश्न विचारला जातो तो हा : रूपांतरासाठी सॉफ्टवेअर कोणते चांगले?

या प्रश्नाचे उत्तर एका नावात मिळत नाही. रूपांतराचे काही प्रकार आवाजाला धक्का लावत नाहीत. काही प्रकार त्यातील अंश कायमचा काढून टाकतात आणि तो पुन्हा कोणत्याही उपायाने परत येत नाही. सॉफ्टवेअर बदलता येते, गेलेला अंश मात्र मिळवता येत नाही. म्हणून सॉफ्टवेअरची निवड करण्यापूर्वी रूपांतरात नेमके काय घडते, ते जाणून घेणे आवश्यक आहे.

डबा आणि आतला पदार्थ

ध्वनिफाईलच्या नावाशेवटी जी अक्षरे दिसतात ती बहुधा डब्याची ओळख असते. डब्यात आवाज कोणत्या पद्धतीने भरला आहे, ही वेगळी गोष्ट. 'एम४ए' नावाच्या फाईलमध्ये ॲपलची हानिरहित पद्धत असू शकते, तसेच काटछाट करणारी 'एएसी' पद्धतही असू शकते. नावाशेवटचे 'ओपस' पुसून तेथे 'एमपी३' लिहिल्याने रूपांतर होत नाही. डब्यावरची चिठ्ठी तेवढी बदलते.

आवाज भरण्याच्या पद्धतींचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग कच्च्या स्वरूपाचा. 'वेव्ह' फाईल सामान्यतः अशी असते. ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला हजारो वेळा मोजून ते आकडे जसेच्या तसे लिहिले जातात. सीडीवर हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा, दोन वाहिन्यांवर आणि १६ बिटच्या अचूकतेने होते. त्यामुळे एका मिनिटाला सुमारे साडेदहा एमबी जागा लागते.

दुसरा वर्ग हानिरहित संक्षेपाचा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला 'फ्लॅक' हा त्याचा सर्वपरिचित प्रतिनिधी आहे. तो तेच आकडे अधिक आटोपशीरपणे लिहितो, जागा बरीच वाचवतो, आणि उघडल्यावर मूळचा प्रत्येक आकडा तंतोतंत परत देतो. धान्य घट्ट बांधून पोत्यात भरावे आणि पोते सोडल्यावर एक दाणाही कमी भरू नये, तसा हा व्यवहार आहे.

तिसरा वर्ग हानियुक्त संक्षेपाचा. एमपी३, एएसी, ओपस हे सगळे या वर्गातले. माणसाच्या कानाला जे सहसा जाणवणार नाही ते वगळायचे, हे त्यांचे तत्त्व. मोठ्या आवाजाच्या सावलीत झाकला जाणारा बारीक आवाज, अतिउच्च पट्टीतील कंप यांना कात्री लागते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधनातून पुढे आलेल्या एमपी३ने संगीताचे जगच बदलले, कारण त्यामुळे फाईल सीडीच्या तुलनेत दहाव्या हिश्श्यापर्यंत लहान झाली. २०१७ मध्ये त्याच्या पेटंटचा परवानाव्यवहारही संपला. ऐकण्यासाठी हे तंत्र उत्तम आहे. प्रश्न येतो तो त्यावरच पुन्हा पुन्हा रूपांतर केल्याने. एमपी३वरून एएसी, एएसीवरून पुन्हा एमपी३ असे केले की प्रत्येक वेळी कात्री नव्याने चालते. छायाप्रतीची छायाप्रत काढत गेल्यावर अक्षरे पुसट व्हावीत, तशी ही झीज आहे.

याच कारणाने १२८ केबीपीएसची एमपी३ फाईल '३२०' मध्ये बदलून घेतल्याने तिचा दर्जा सुधारत नाही; फाईल तेवढी फुगते. एमपी३चे फ्लॅक केले तरी मूळ कात्रीने काढलेले परत येत नाही. 'हाय क्वालिटी' असे नाव देऊन विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पेनड्राइव्हमध्ये अशा फुगवलेल्या फाईलही असू शकतात. आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १२८ केबीपीएसच्या एमपी३चा वरचा भाग बहुधा १६ किलोहर्ट्झच्या आसपास सरळ रेषेत कापलेला दिसतो. नावात काहीही लिहिलेले असो, ही रेषा फाईलचा पूर्वेतिहास सांगते.

मूळ काय आहे, यावर काम ठरते

घरातील ध्वनिसंग्रहाचे मूळ साधारणपणे चार प्रकारचे असते आणि प्रत्येकाची गरज वेगळी.

पहिले मूळ कॅसेटचे. येथे प्रथम ध्वनिमुद्रण आणि नंतर रूपांतर, अशी दोन कामे आहेत. टेपरेकॉर्डरचे हेड स्वच्छ करावे, हेडफोनच्या किंवा लाइन-आउटच्या जागेतून तार संगणकाला जोडावी आणि आवाजाची पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठ्या स्वरालाही काटा लाल रेषेच्या खाली राहील. एकदा फाटलेला आवाज पुढे दुरुस्त होत नाही. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा कामासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ही पातळी सांगितली आहे. घरगुती कामालाही तीच योग्य ठरते. खरखर काढण्याचे प्रयोग मूळ प्रतीवर करू नयेत. खरखरीबरोबर तंबोऱ्याची आस आणि गायकाचा श्वासही निघून जातो. मूळ प्रत जशी आहे तशी ठेवून तिच्या नकलेवर हवे ते संस्कार करावेत.

दुसरे मूळ सीडीचे. सीडीवरचा आवाज आधीच आकड्यांत असतो, त्यामुळे तो अचूक उतरवून थेट फ्लॅकमध्ये ठेवता येतो. ओरखडे पडलेल्या सीडीसाठी त्याच भागाचे पुन्हा पुन्हा वाचन करून चूक नोंदवणारे सॉफ्टवेअर हवे.

तिसरे मूळ जुन्या मोबाईलचे. त्या काळातील बऱ्याच यंत्रांनी बोलणे 'एएमआर' पद्धतीने साठवले. ही पद्धत दूरध्वनीवरील संभाषणासाठी घडवली होती. तिच्या साध्या प्रकारात मोजमाप सेकंदाला केवळ ८,००० वेळा होते, म्हणून त्यात चार किलोहर्ट्झच्या वरचा स्वर मुळातच नसतो. अशी फाईल नव्या फोनवर वाजावी म्हणून बदलावी लागली, तर प्रथम मूळ फाईल जपून ठेवावी आणि मग ऐकण्यापुरती प्रत करावी.

चौथे मूळ व्हॉट्सॲपचे. रिंग रोडवरच्या कापडबाजारात असो वा गोव्यातल्या घरात, आज व्यवहार आणि ख्यालीखुशाली या दोन्हींसाठी ध्वनिसंदेश वापरले जातात. हे संदेश ओपस पद्धतीचे असतात. २०१२ मध्ये प्रमाणित झालेली ही पद्धत बोलण्यासाठी अतिशय कार्यक्षम आहे. कमी जागेत ती एमपी३पेक्षा स्पष्ट आवाज देते. त्यामुळे ओपसचे एमपी३ करणे म्हणजे जागा वाढवून दर्जा घटवणे होय. संगणकावर ही फाईल उघडत नाही, अशी तक्रार असेल तर व्हीएलसीसारखा वादक बसवला की ती थेट वाजते. पुष्कळदा रूपांतराची गरजच नसते. योग्य वादकाची असते.

मोबाईलवर चित्रित केलेल्या कार्यक्रमाचा केवळ आवाज हवा असेल, तेव्हाही हेच लक्षात ठेवावे. चित्रफितीत एएसी पद्धतीचा आवाज आधीच असतो. तो डब्यातून जसाच्या तसा बाहेर काढता येतो. त्याचे एमपी३ केले तर मात्र आणखी एकदा कात्री लागते.

जागेचा हिशेब

'एवढी जागा कुठून आणायची?' ही शंका हानिरहित प्रतीच्या आड येते. हिशेब मांडला तर ती फारशी टिकत नाही. ९० मिनिटांची कॅसेट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन वाहिन्यांवर वेव्ह स्वरूपात घेतली तर मिनिटाला सुमारे १७.३ एमबी, म्हणजे एकूण दीड जीबीच्या थोडे वर जागा लागते. अशा ५० कॅसेट ७८ जीबीत बसतात आणि फ्लॅक केल्यास त्याहून बऱ्याच कमी जागेत. आजच्या एका साध्या हार्ड डिस्कच्या कोपऱ्यात ते मावते. तीच कॅसेट १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये सुमारे ८६ एमबी घेते, आणि केवळ बोलणे असेल तर ३२ केबीपीएसच्या ओपसमध्ये २२ एमबीच्या आत येते.

यावरून घराघरांत पाळता येईल असा नियम निघतो. एक जपायची प्रत आणि एक वाटायची प्रत. जपायची प्रत फ्लॅकमध्ये, दोन वेगळ्या डिस्कवर आणि शक्य असल्यास दोन वेगळ्या गावी. सुरतेतल्या घरातील एक डिस्क अमळनेर वा नंदुरबारच्या नातलगाकडे असेल, तर एका शहरातील आपत्ती दोन्ही प्रती नेऊ शकत नाही. वाटायची प्रत एमपी३ किंवा ओपसमध्ये, मोबाईलवर पाठवता येईल अशी. नवी वाटायची प्रत हवी झाली, तर ती नेहमी जपायच्या प्रतीवरूनच काढावी.

कॅसेट बदलून देणाऱ्या व्यावसायिकाकडे काम सोपवतानाही हा नियम उपयोगी पडतो. 'पेनड्राइव्हमध्ये एमपी३ द्या' असे न सांगता 'फ्लॅक किंवा २४ बिटची वेव्ह द्या आणि त्यासोबत एमपी३ द्या' असे सांगावे. कामाचा मुख्य वेळ फीत वाजवण्यात जातो. फ्लॅक प्रत काढण्याला त्यापुढे अगदी थोडा वेळ लागतो.

सॉफ्टवेअरच्या सहा कसोट्या

हे ठरल्यानंतर सॉफ्टवेअर पारखता येते. पहिली कसोटी पारदर्शकतेची. कोणती पद्धत, किती केबीपीएस, किती किलोहर्ट्झ, किती बिट, हे सॉफ्टवेअरने दाखवले पाहिजे आणि बदलू दिले पाहिजे. 'उत्तम', 'मध्यम', 'साधारण' अशी तीनच बटणे असलेले सॉफ्टवेअर जपणुकीच्या कामाचे नाही.

दुसरी कसोटी नोंदींची. गाण्याचे नाव, गायक, वर्ष ही माहिती फाईलच्या पोटात साठवता येते. रूपांतरात ती टिकली पाहिजे. मराठीपुढे येथे खास अडचण आहे. एमपी३मधील नोंदींच्या सर्वांत जुन्या पद्धतीत गाण्याचे नाव, गायक अशा रकान्यांना ३० अक्षरांचीच जागा होती आणि देवनागरीचा विचारही नव्हता. जुन्या वळणाचे सॉफ्टवेअर 'भूपाळी' या शब्दाऐवजी प्रश्नचिन्हांची रांग लिहून ठेवते आणि मूळ नाव कायमचे पुसले जाते. म्हणून प्रथम देवनागरी नाव असलेल्या एकाच फाईलवर प्रयोग करून पाहावा.

तिसरी कसोटी समूहकामाची. चारशे फाईल एकेक करून बदलणे शक्य नसते. पूर्ण फोल्डर, आतल्या उपफोल्डरांच्या रचनेसह, एकाच वेळी देता आला पाहिजे आणि मूळ फाईलवर नवी फाईल लिहिली जाऊ नये. चौथी कसोटी कबुलीची. एखादी फाईल खराब असेल तर सॉफ्टवेअरने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. अर्धी फाईल बदलून 'काम पूर्ण' असा संदेश देणारे सॉफ्टवेअर घातक आहे. फ्लॅकचा येथे मोठा आधार मिळतो. मूळ आवाजाची गणिती खूण फाईलमध्येच साठवलेली असते; पुढे केव्हाही आवाज अबाधित आहे की नाही, हे तपासता येते.

पाचवी कसोटी स्वावलंबनाची. सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय, आपल्याच संगणकावर चालावे. सहावी कसोटी खुलेपणाची. फॉरमॅट ज्या कंपनीचा, तिचे सॉफ्टवेअर बंद पडले तरी फाईल उघडता आली पाहिजे. फ्लॅकचे स्वरूप उघडपणे प्रसिद्ध आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याला इंटरनेट मानकाचा अधिकृत दस्तऐवजही मिळाला. आवाज टिकवायचा असेल तर तो वाचण्याची रीतही टिकली पाहिजे. गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांचा भैरवीतला स्वर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला, तेव्हा तबकडीसोबत ती वाजवण्याची सुई आणि वाजवण्याची रीत सांगणाऱ्या आकृत्याही पाठवल्या गेल्या. परक्या जगासाठी जे आवश्यक वाटले, ते पुढच्या पिढीसाठीही आवश्यक आहे.

उपलब्ध पर्याय

कॅसेटवरून ध्वनिमुद्रण करणे, बाजू अ आणि बाजू ब वेगळ्या करणे, गाण्यांचे तुकडे पाडणे यासाठी 'ऑडॅसिटी' हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर सर्वाधिक परिचित आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याची सुरुवात झाली. ते मुळात संपादनाचे साधन आहे. त्याची स्वतःची प्रकल्पफाईल ही जपायची प्रत नव्हे. काम संपताच फ्लॅक प्रत काढून ठेवावी. ऑडॅसिटीत एमपी३ उघडून कापली आणि पुन्हा एमपी३ म्हणून साठवली, तर आवाज दुसऱ्यांदा छाटला जातो. एमपी३ नुसतीच कापायची असेल तर विंडोजवरील 'एमपी३ डायरेक्टकट' हे लहानसे साधन नव्याने संक्षेप न करता ते काम करते.

मोठ्या संग्रहाच्या रूपांतरासाठी 'फ्रीॲक' हा सोपा आणि मुक्त पर्याय आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर तो चालतो, सीडी उतरवतो आणि फ्लॅक, एमपी३, एएसी, ओपस या सर्व पद्धती हाताळतो. विंडोज वापरणाऱ्यांसाठी 'फूबार२०००' हाही समर्थ पर्याय आहे. तो मोफत असला तरी मुक्तस्रोत नाही, आणि रूपांतरासाठी त्याला संक्षेपकांचा जोडसंच वेगळा बसवावा लागतो. ओरखडलेल्या सीडीसाठी 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी'चा वर्षानुवर्षे लौकिक आहे. पैसे मोजून घेण्याच्या पर्यायांत 'डीबीपॉवरॲम्प' जाणकारांत मान्यता पावलेले आहे. घरगुती कामासाठी मात्र मोफत साधने पुरेशी आहेत.

अगणित सॉफ्टवेअरांच्या पोटात 'एफएफएमपेग' हा संच असतो. २००० मध्ये फाब्रिस बेलार यांनी त्याचा आरंभ केला. त्याला खिडक्या-बटणे नाहीत. आज्ञा टंकाव्या लागतात. ज्याला ते जमते त्याला दुसरे काही लागत नाही : चित्रफितीतील आवाज छाटणीविना बाहेर काढणे, हजार फाईल एका आज्ञेत बदलणे, सर्व काही त्यात होते. सावधगिरी एवढीच की न सांगितलेल्या गोष्टी तो स्वतः ठरवतो. उदाहरणार्थ, २४ बिटच्या फ्लॅकवरून वेव्ह करताना बिटसंख्या सांगितली नाही, तर तो १६ बिटची फाईल तयार करतो.

सॉफ्टवेअर नेहमी निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. शोधयंत्रात वर दिसणारी जाहिरात हे अधिकृत स्थळ असेलच असे नाही. २०२२ मध्ये व्हीएलसीचे अधिकृत संकेतस्थळ भारतात काही महिने बंद होते. अशा वेळी लोक आडवाटेच्या स्थळांकडे वळतात आणि नको ते पदरात पडते. म्हणून घेतलेल्या सॉफ्टवेअरची मूळ स्थापनाफाईलही संग्रहासोबत ठेवणे शहाणपणाचे.

'ऑनलाइन' सोय आणि तिची किंमत

फाईल चढवा, बटण दाबा, बदललेली फाईल उतरवा. ही सोय मोहक आहे, विशेषतः ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांना. परंतु अशा व्यवहारात आवाज अनोळखी संगणकावर जातो. बाजारभावाची बोलणी, डॉक्टरांचा सल्ला, घरातल्या वृद्धाचा आवाज यांपैकी काहीही त्यात असू शकते. आणि थोड्याशा नमुन्यावरून आवाजाची नक्कल करता येण्याचे हे दिवस आहेत. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेच्या डेन्व्हर कार्यालयाने मोफत ऑनलाइन रूपांतर करणाऱ्या बनावट स्थळांतून घातक सॉफ्टवेअर पसरवले जात असल्याचा जाहीर इशारा दिला होता. सार्वजनिक स्वरूपाची, कुणाचेही गुपित नसलेली एखादी फाईल असेल तर प्रश्न लहान आहे. घरचा संग्रह मात्र तेथे चढवू नये.

पुरावा असेल तर मूळ फाईलला हात नको

व्यापाराच्या शहरात ध्वनिसंदेश हा केवळ आठवणीचा विषय राहत नाही. उधारी, मालाची मागणी, दिलेला शब्द यांचा तो पुरावा ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात सादर करताना विहित नमुन्यातील प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्या नमुन्यात फाईलच्या हॅशमूल्याची नोंद असते. हॅश म्हणजे फाईलमधील प्रत्येक बिटवरून काढलेली गणिती खूण. एक बिट बदलला तरी ती पूर्ण बदलते. म्हणजे ओपसची एमपी३ केली की कानाला तोच आवाज ऐकू आला तरी कायद्याच्या दृष्टीने ती दुसरी फाईल झाली.

अशा प्रमाणपत्राचे महत्त्व जालना मतदारसंघातील निवडणुकीच्या वादातून अधोरेखित झाले. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये, मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणलेले नसेल तर जुन्या कायद्यातील प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा निर्णय दिला. म्हणून वादाची शक्यता असलेला संदेश फोनवरून पुसू नये, फोन बदलू नये, मूळ फाईल जशीच्या तशी नकलून ठेवावी आणि वकिलाला ऐकवण्यासाठी वेगळी प्रत करावी. येथे सर्वांत चांगले रूपांतर म्हणजे रूपांतर न करणे.

नावाविना आवाज

रूपांतर निर्दोष झाले, डिस्क दोन ठिकाणी गेल्या, तरी एक काम उरते, आणि ते कोणतेही सॉफ्टवेअर करून देत नाही. 'ट्रॅक ०१', 'न्यू रेकॉर्डिंग ७' अशा नावांच्या फाईल वीस वर्षांनी कुणाला काहीच सांगत नाहीत. या कामाचा आदर्श सुरतेतच आहे. या शहराचे हरीश रघुवंशी यांनी १९८५ मध्ये 'मुकेश गीतकोश' सिद्ध केला आणि पुढे गुजराती चित्रपटगीतांचाही कोश तयार केला. ध्वनिफाईल घरोघरी पोहोचण्यापूर्वीच्या त्या काळात अशा कोशकारांनी गीत, चित्रपट, वर्ष, गीतकार, संगीतकार, गायक यांची माहिती कष्टाने जुळवली. आज एखाद्या जुन्या गाण्याची फाईल हाती आली तर ती कुणाची आणि कधीची हे ठरवता येते, ते अशा नोंदींच्या बळावर.

चित्रपटगीताला कोशकार मिळतो. उधन्याच्या चाळीतील भजनाला किंवा एखाद्या गोमंतकीय घरातील आरतीला तो मिळणार नाही. तेथे कोशकाराची भूमिका घरच्यांनीच घ्यायला हवी. कोण बोलत आहे, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी, साधारण कोणत्या वर्षी, पेटी कुणी धरली, तबल्यावर कोण होते, एवढी माहिती प्रत्येक फाईलमध्ये आणि फोल्डरमधील एका साध्या मजकूरफाईलमध्ये लिहून ठेवावी. कॅसेटच्या वेष्टनावरील हस्ताक्षराचे छायाचित्रही सोबत ठेवावे. हे आवाज ओळखणारी माणसे वयोवृद्ध आहेत आणि फितीप्रमाणेच त्यांचीही दुसरी प्रत नाही.

कामाचा क्रम त्यावरून ठरतो. सर्वांत जुनी, सर्वांत खराब आणि एकमेव असलेली फीत आधी घ्यावी. ती पूर्ण दर्जात उतरवून फ्लॅकमध्ये ठेवावी, आरंभ, मध्य आणि शेवट ऐकून एकूण कालावधी जुळतो का ते पाहावे, तिची दुसरी प्रत दुसऱ्या घरी पोहोचवावी. मग त्याच घरातील ज्येष्ठांना शेजारी बसवून ती वाजवावी आणि ते सांगतील ती नावे लगेच लिहून घ्यावीत. वाटण्यासाठी एमपी३ काढणे हे त्यानंतरचे आणि सर्वांत सोपे काम. वरच्या सहा कसोट्यांना उतरणारे कोणतेही सॉफ्टवेअर ते करील.